आखूड पंखाचं वटवाघूळ

मी एक जुना पत्र्याचा साचा आहे. मित्रांनो, एवढ्यात पान उलटू नका. साचा म्हणजे काही मोठी असामी नव्हे, हे मलाही कळतं. लाटलेल्या पिठावर मला दाबायचं, उचलायचं, की खाली माझ्या आकाराचा तुकडा राहतो. एवढीच माझी विद्या. माझा आकार वटवाघळाचा आहे, निदान मला घडवणाऱ्याचं म्हणणं तसं होतं. काहींना मी निजलेलं मांजर वाटतो, काहींना चुरगळलेली टोपी. एकदा एका पाद्रीबुवांनी मला हातात धरून "वा, किती सुंदर कबूतर!" असं म्हटलं होतं. मी काही बोललो नाही. वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत दाखवू नये.

मला आतून नीट पाहिलंत तर लाल रंगाचं एक अर्धं अक्षर दिसेल. ते कॉफीच्या डब्याचं. त्या डब्याच्या पत्र्यातूनच मला काझ वोइतोविचने कापून काढलं. मिशिगनमधल्या बेल्डर गावात, जिथे तिन्ही बाजूंना सफरचंदांच्या बागा आहेत, तिथे काझ पत्र्याचं काम करायचा. घरं ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांचे मोठमोठे नळ वळायचे, बसवायचे, गळले तर पुन्हा वळायचे. हात मोठे, बोलणं थोडं, आणि तोंडात स्वतःचे म्हणावेत असे दात अगदी मोजके. दातांचं कारण साधं होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी, म्हणजे हॅलोविनला, गावातली पोरं भुतं, चेटकिणी आणि सांगाडे होऊन दारोदार फिरतात, पिशवी पुढे करतात आणि घराघरातून गोड खाऊ गोळा करतात. काझ लहानपणी ती पिशवी उशाशी घेऊन झोपायचा आणि नाताळपर्यंत चघळत राहायचा.

त्याची मुलगी जोॲन शाळेत जायला लागली, त्या वर्षी त्याला एकदम आपले दात आठवले.

"पोरांना काहीतरी बरं दे, लिओना," तो बायकोला म्हणाला. "सफरचंद दे."

"सफरचंद? या गावात?" लिओनाने हातातली कढई खाली ठेवली. "इथे सफरचंदं रस्त्यावर पडलेली असतात, काझ. एक पोर दारात उभं राहणार नाही."

"मग सफरचंदाला पंख लाव."

लिओनाला वाटलं, झाला विनोद, संपला. पण काझ विनोद करून विसरणाऱ्यांतला नव्हता. त्याने रात्रीच्या जेवणानंतर रिकामा डबा कापला, पत्र्याची पट्टी काढली, तिच्या कडा ठोकून बोथट केल्या आणि चिमट्याने वळवत वळवत डोकं केलं, कान केले, एक ऐसपैस पंख केला. दुसऱ्या पंखाशी पोचेपर्यंत पट्टी संपत आली.

लिओनाने मला दिव्यासमोर धरलं. "हे काय?"

"वटवाघूळ."

"याचा एक पंख उंदराने खाल्ला का?"

"ते वळतंय," काझ म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "उडता उडता वळलं की एका बाजूचा पंख आखूडच दिसतो. तू कधी वळणारं वटवाघूळ पाहिलंयस?"

"नाही बाई."

"मग झालं तर."

माझ्या जन्माची कथा ही अशी. पत्रा कमी पडला आणि बाप हुशार निघाला.

लिओनाने सफरचंदं शिजवून घट्ट गर केला, त्यात दळलेले ओट आणि किंचित दालचिनी घातली, साखर अगदी नावाला. मला कोरड्या पिठात बुडवून तिने लाटलेल्या पोळीवर दाबलं आणि पहिलं वटवाघूळ उचललं. डोळ्यांच्या जागी काळ्या मनुका बसवल्या. भाजून निघाल्यावर ती बिस्किटं अशी काही ऐटीत दिसत होती, की मी सगळं श्रेय स्वतःकडेच घेतलं. पीठ तिचं, भाजायची भट्टी तिची, सफरचंदं शेजारच्या बागेतली. पण साच्याची जात अशीच, दुसऱ्याच्या कष्टावर आपला शिक्का मारणारी.

प्रत्येक बिस्किट मेणकागदात गुंडाळून ती स्वयंपाकघरातल्या दोऱ्याने बांधायची आणि दोऱ्याला दोन गाठी मारायची. एका पोराला दोन पुड्या. "एकट्याने उडायला भीती वाटते त्याला," असं कारण ती मुलांना सांगायची. बघता बघता पलीकडच्या गल्लीतली पोरंही आमच्या पायऱ्या चढायला लागली. 'वळणाऱ्या वटवाघळांचं घर' असं आमचं नाव पडलं.

शेजारच्या डॉरिसला मात्र हे फारसं रुचलं नाही. तिच्या दारात विकतच्या चॉकलेटांचं घमेलं असायचं.

"लिओना," ती कुंपणावरून म्हणायची, "यंदा साखर मिळाली नाही वाटतं दुकानात?"

"मिळाली की. तुझ्याकडे पोचायच्या आत संपली, असं ऐकलं."

दोघी हसायच्या. डॉरिस जरा कमी हसायची. तिची मुलगी ट्रेसी, पुढचे दोन दात पडलेली, आईच्या स्कर्टमागून आमच्या पायऱ्यांकडे बघत राहायची.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि पुढे तिचं काम पडणार आहे. मी डब्याचा पत्रा. ओला राहिलो की गंजतो. म्हणून काम संपलं की लिओना मला धुवायची, पुसायची आणि निवत आलेल्या भट्टीत, दार उघडं ठेवून, थोडा वेळ बसवायची. ती ऊब मी कधी विसरलो नाही. बाहेर पोरांचा कलकलाट, आत शिजलेल्या सफरचंदांचा वास, आणि माझ्या कानांच्या खाचांमधून शेवटचं पाणी उडून जायचं.

मग एका वर्षी भीती आली. कुठल्या तरी दूरच्या गावात कुणीतरी मुलांच्या खाऊत काहीतरी घातलं, अशी बातमी. बेल्डरमध्ये कुणाचं पोटही दुखलं नव्हतं. पण भीतीला पुरावा लागत नाही, ती पाहुण्यासारखी आली की आधी बैठक मारते. घरोघरी आया मुलांच्या पिशव्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, दिव्याखाली ओतायला लागल्या. कारखान्यात बंद झालेलं ते चांगलं. माणसाच्या हाताने बांधलेलं ते संशयाचं. आणि आमच्या पुड्यांवर तर हाताच्या दोन दोन गाठी होत्या.

त्या वर्षीही पोरं आली. लिओनाने पुड्या वाटल्या, पोरांनी घेतल्या. तिला वाटलं, आपल्यापर्यंत ती भीती पोचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी यायची होती. लिओना आपला डबा रस्त्याकडेला ठेवायला गेली. डॉरिसच्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. झाकणाखालून एक दोरा लोंबत होता. लिओनाला आपली गाठ ओळखता येत होती. तिने झाकण उचललं. पुढच्या घराचंही उचललं. त्याच्या पुढच्या घराचंही. गाठी न सोडलेल्या पुड्या होत्या सगळीकडे, कॉफीच्या चोथ्यात आणि अंड्यांच्या टरफलांत.

ती घरी आली. टेबलावर मी पडलो होतो, कालचं पीठ कडेला वाळलेलं. तिने मला नळाखाली धरलं, खरवडलं, आणि तसंच, ओलंच, टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला.

"लिओना," काझचा आवाज आला, "त्याला पुसलं नाहीस."

"पुढच्या वर्षी लागणार आहे का?"

काझ आपली हत्यारं घेऊन कामावर निघाला. मी त्याला दोष देत नाही. पत्र्यातलं त्याला सगळं कळायचं, रडणाऱ्या बायकोतलं कमी.

अंधारात तो गंज माझ्या आखूड पंखावर चढला. अजून तिथे आहे, तपकिरी, बोटाच्या पेराएवढा.

खणातली वर्षं मी कशी काढली म्हणता? शेजारी चांगले होते. वाढदिवसाच्या अर्ध्या जळालेल्या मेणबत्त्या, एक वाकडी सळई, कशाचे ते कुणालाच न आठवणारे दोन स्क्रू. आम्ही सगळे 'असू दे, लागेल कधीतरी' या एकाच जातीचे. वरून आवाज यायचे, त्यांवरून मी घराचा जमाखर्च मांडायचो. हॅलोविनला दाराची घंटा वाजायची आणि चॉकलेटच्या कागदांची सळसळ ऐकू यायची. जोॲनच्या लग्नाचा गोंधळ ऐकला. काझचा खोकला ऐकला. मग एका हिवाळ्यात तो खोकला ऐकू येईनासा झाला, आणि नंतर बरेच दिवस घरात एकाच माणसाच्या चपला वाजायच्या.

मग एक नवा आवाज आला. चिवचिवणारा, प्रश्न विचारणारा. जोॲनची मुलगी ब्रिन, दिवसभर आजीकडे असणारी. गावातल्या आमच्या पोलिश घरांमध्ये आजीला बुशा म्हणतात.

"बुशा, हे काय? बुशा, ते का? बुशा, आजोबा मेल्यावर त्यांचे दात कुठे ठेवले?"

घर पुन्हा घरासारखं वाजायला लागलं. आणि मग, ब्रिन दुसरीत गेली त्या उन्हाळ्यात, एकदम सगळ्यांचे आवाज खाली आले. दवाखाना. सुई. साखर. पोरीला साखरेचा आजार निघाला होता, लहान मुलांना होतो तो, ज्यात रोज बोट टोचून रक्त बघायचं, खाणं मोजायचं आणि जेवणाआधी सुई घ्यायची. कुणाच्या खाण्यापिण्याच्या चुकीने तो होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी लिओना त्या आठवड्यात साखरेच्या डब्याकडे अशी बघायची, जणू त्यानेच घात केला.

त्या वर्षीच्या हॅलोविनला शाळेतून आल्यावर ब्रिन टेबलाशी बसली. मी तिच्या गुडघ्यांच्या अगदी वर, खणात.

"पार्टी कशी झाली, माझी चिमणी?" लिओनाने विचारलं.

"छान. सगळ्यांना केक होता, त्यावर जेलीचे किडे होते."

"आणि तुला?"

"मला स्टिकर."

लिओनाने खुर्ची ओढून जवळ घेतली.

"भोपळ्याचा स्टिकर," ब्रिन म्हणाली. "चमकतो तो. मी बाईंच्या शेजारी बसले होते."

ती खेळायला गेल्यावर मायलेकींचं जुंपलं.

"मोजून खाता येतं ना तिला?" लिओना म्हणाली. "डॉक्टरच म्हणाले."

"येतं, आई. पण वर्गात मोजणार कोण? बाई घाबरतात. मीही घाबरते. स्टिकरने कुणी आजारी पडत नाही."

"पडतं," लिओना म्हणाली.

पुढचा ऑक्टोबर आला आणि एक दिवस खण उघडला. इतका उजेड, की मला काही दिसेना. लिओनाची बोटं आत आली, मेणबत्त्या बाजूला सारल्या, आणि मला उचललं. तिची बोटं आता गाठाळली होती. तिने अंगठा माझ्या गंजावरून फिरवला.

"यंदा," ती मला म्हणाली की स्वतःला, कोण जाणे, "वर्गातल्या सगळ्यांच्या ताटात तेच असेल, जे माझ्या ब्रिनच्या ताटात आहे. एकदा तरी."

मित्रांनो, एवढंच मागणं होतं तिचं. पुढे जे घडलं ते सगळं या एका मागण्यापायी.

मग सुरू झाले प्रयोग. ब्रिन चव घ्यायला बसायची आणि पोरगी दयामाया दाखवणारी नव्हती. गाजरावर मला दाबलं तेव्हा गाजर शाबूत राहिलं आणि माझाच कान वाकला. बिटाची वटवाघळं झाली देखणी, पण ओटा असा लाल झाला की नवी शेजारीण घाबरून आत आली.

"बुशा, हे पुसायच्या फडक्यासारखं लागतं," ब्रिनने एका पालेभाजीच्या वडीवर निकाल दिला.

"तू फडकं कधी खाल्लंस?"

"आत्ता."

शेवटी जमलं. भरड्या गव्हाचा पाव, त्यावर दाबून काढलेली वटवाघळं, भट्टीत कुरकुरीत केलेली. चीजची पातळ वटवाघळं. काकडीच्या चकत्यांचे चंद्र. सफरचंदाच्या आडव्या फोडी, ज्यांच्या मधोमध बियांची चांदणी दिसते, लिंबाच्या पाण्यातून काढलेल्या म्हणजे काळ्या पडत नाहीत. भोपळ्याच्या बिया मिठात भाजलेल्या. आणि काळा घेवडा शिजवून, लसूण घालून वाटलेला, वाडग्यात काळाकुट्ट.

"ही दलदल," ब्रिनने जाहीर केलं. "वटवाघळाने दलदलीत उडी मारायची आणि मग त्याचं डोकं आधी खायचं."

"आणि या सगळ्याचं मोजमाप?" लिओनाने जोॲनला विचारलं.

जोॲनने एक वटवाघूळ दलदलीत बुडवलं, डोकं आधी खाल्लं. "सोपं आहे, आई. सगळं सोपं आहे." आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पार्टीच्या दिवशी लिओनाने आपलं सगळ्यात मोठं निळं ताट काढलं, त्यावर सगळं मांडलं, वरून चंदेरी कागद गच्च बसवला. चर्चला घालायचा कोट घातला. ब्रिन वटवाघळाचा वेश करून पुढे, तिचा एक पंख मुद्दाम आखूड शिवलेला. मी घरीच राहिलो, धुतलेला, पुसलेला, भट्टीत बसलेला. बऱ्याच वर्षांनी.

लिओना फार लवकर परत आली. ताट टेबलावर ठेवलं. कागद तसाच, एक कोपराही न उचकलेला.

जोॲन धावत आली. "काय झालं?"

"दुकानातलंच हवं म्हणे. बंद वेष्टनातलं. वर छापलेलं, आत काय आहे ते." लिओनाने कोटाची बटणं काढायला घेतली. "बाई चांगल्या आहेत. बिचारी रडवेली झाली होती. म्हणाली, मिसेस वोइतोविच, माझ्या हातात असतं तर. मग म्हणाली, ब्रिनपुरतं ठेवून जा."

"मग?"

"ब्रिनपुरतं!" लिओनाचा आवाज फुटला. "ब्रिनपुरतं वेगळं नको होतं म्हणून तर केलं ना मी हे?"

"आई, नियमाचं पत्रक सगळ्यांना दिलं होतं. मीच तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, ताट बघितल्यावर घेतील."

"मी लेबल काय लावू? 'आत: काकडी'? डोळे नाहीत का माणसांना?"

मी भट्टीत बसून ऐकत होतो. नियम करणाऱ्यांचंही मला समजत होतं. कुणाचं पोर शेंगदाण्याने सुजतं, कुणाचं दुधाने. त्यांनाही रात्री झोप लागायला हवी. पण निळ्या ताटाकडे बघवत नव्हतं.

जोॲन ब्रिनला शाळेतून आणायला गेली, मग लिओना थांबली. नाक पुसलं. तिच्या चेहऱ्यावर काझची ती न हलणारी रेषा आली.

"डोळे," ती म्हणाली. "बरोबर. संध्याकाळी दारात पोरं येतील, त्यांच्या आयांच्या डोळ्यांदेखत कापते. पावाचं वेष्टन त्यांच्यासमोर फोडते, सफरचंद त्यांच्यासमोर चिरते. मग कुणाला काय शंका?"

संध्याकाळी तिने घराच्या पायऱ्यांवर छोटं टेबल मांडलं. लाकडी पाट, सुरी, बंद वेष्टनातला पाव, आख्खी सफरचंदं, दलदलीचं वाडगं आणि मी. दिवा लावला. खुर्ची ओढून, मांडीवर घोंगडी घेऊन ती बसली.

रस्ता रिकामा होता.

वाऱ्याने मेपलची पानं एका कुंपणावरून दुसऱ्या कुंपणाकडे नेली आणि परत आणली. कुठे कुठे दिवे लागले होते, पण पोरांचा आवाज नाही. खणात बसून मला जे कळलं नव्हतं ते लिओनालाही कळलं नव्हतं. आता पोरं दारोदार जातच नव्हती. चर्चच्या मागच्या आवारात गावातले सगळे आपल्या गाड्या ओळीने लावतात, डिक्या उघडून त्यांना कोळ्यांची जाळी लावतात, आणि पोरं या डिकीकडून त्या डिकीकडे फिरतात. आयांच्या नजरेसमोर सगळं. हे डिकीवालं हॅलोविन आता उजळ माथ्याचं, आणि रस्ता म्हणजे धोक्याचा. पाठीच्या दुखण्याने लिओना काही वर्षं संध्याकाळची बाहेर पडत नव्हती. यंदा घंटा कमी वाजते, एवढंच तिला दर वर्षी वाटायचं.

तिने एक पाव कापला. मला त्यावर दाबलं, उचललं. वटवाघूळ पाटावर राहिलं. कुणी नव्हतं बघायला.

अंधार पडता पडता एक गाडी थांबली. दार उघडायच्या आतच आवाज आला, "बुशा!"

ब्रिन धावत आली, आखूड पंख एका खांद्यावर घसरलेला. मागून जोॲन, हातात चॉकलेटांनी भरलेली ती पिशवी, जिच्यातलं पोरीला नंतर मोजूनमापून मिळणार होतं.

"तिथे राहायलाच तयार नाही ही," जोॲन म्हणाली. "म्हणते, बुशाकडे पार्टी आहे."

लिओनाने रिकाम्या रस्त्याकडे हात केला. "ही बघ पार्टी."

ब्रिनने रस्ता पाहिला. मग टेबल पाहिलं. जोॲनने पोरीचं बोट टोचून रक्त बघितलं, हिशेब केला, सुई दिली. मग ब्रिन पायरीवर बसली, एक वटवाघूळ उचललं, दलदलीत बुडवलं, डोकं खाल्लं. दुसरं आजीच्या हातात दिलं. तिसरं आईच्या.

"आता तू खा. नाही, आधी डोकं. बुशा, आधी डोकं!"

तिघींनी खाल्लं.

"बघ," ब्रिन तोंड भरलेलं असताना म्हणाली, "आजच्या पार्टीत सगळ्यांनी तेच खाल्लं."

लिओना हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते पाणी थांबेना. तिने घोंगडीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "लसूण जास्त झाला आहे."

त्या हिवाळ्यात, बर्फ पडायला लागल्यावर, लिओना झोपेत गेली. मी भट्टीशेजारच्या कपाटात होतो. सकाळी चपला वाजल्या नाहीत, त्यावरून मला कळलं.

वसंतात घर रिकामं केलं. जोॲन काळ्या पिशव्या घेऊन खण उपडे करत होती. मेणबत्त्या गेल्या. स्क्रू गेले. मीही हातात आलो, गंजलेला, वाकड्या कानाचा, आणि पिशवीच्या तोंडाशी पोचलो.

"आई, ते वळतंय," ब्रिन म्हणाली.

"काय?"

"वटवाघूळ. ते वळत असतं, म्हणून एक पंख आखूड असतो. बुशाने सांगितलंय. टाकू नकोस."

मी वाचलो.

पुढच्या हॅलोविनला चर्चच्या आवारात जोॲनच्या गाडीची डिकी उघडली. जाळी नाही, सांगाडे नाहीत. एक पाट, पाव, सफरचंदं, काळं वाडगं, आणि टेबलामागे ब्रिन, बाह्या वर केलेल्या, हात स्वच्छ धुतलेले. सुरी जोॲनकडे, मी ब्रिनकडे. लोक बघत होते. आया आपापल्या पोरांच्या खांद्यावर हात ठेवून लांब उभ्या. त्या हातातली भीती माझ्या ओळखीची होती.

"समोर कापून मिळेल," ब्रिन मोठ्याने म्हणाली. "पावाचं वेष्टन तुम्हीच फोडा हवं तर."

कुणी हललं नाही. मग पलीकडून एक बाई आल्या. सगळ्या डिक्यांची व्यवस्था बघणाऱ्या, गळ्यात शिट्टी, हातात यादी. डॉरिसची ट्रेसी. आता तिची स्वतःची पोरं मोठी झालेली. तिने मला पाहिलं आणि यादी काखेत धरली.

"हा तोच साचा?"

"तोच," जोॲन म्हणाली.

ट्रेसीने पाव उचलून वेष्टन फोडलं. ब्रिनने मला दाबलं. ट्रेसीने वटवाघूळ दलदलीत बुडवलं आणि, कुणी सांगितलं नसताना, आधी डोकं खाल्लं. ती बराच वेळ चावत राहिली.

"तुझी बुशा दोऱ्याला दोन गाठी मारायची," ती ब्रिनला म्हणाली. "माझे पुढचे दात नव्हते. मी बाजूच्या दातांनी सोडवायचे."

"पण त्या भीतीच्या वर्षी तुम्ही तर ते टाकलंत," जोॲन म्हणाली. आवाज सपाट. "आईने पाहिलं होतं. सगळ्यांच्या डब्यांत."

"एक टाकलं. म्हणजे माझ्या आईने टाकलं." ट्रेसी आजूबाजूला बघत हळू म्हणाली, जणू डॉरिस अजून कुंपणापलीकडे उभी आहे. "तुझी आई दोन द्यायची ना. एक आम्ही कोपऱ्यावरच्या टपालपेटीमागे खाऊन टाकायचो. सगळी पोरं. त्या वर्षीसुद्धा. कागद गटारात टाकायचो, म्हणजे घरी कळायला नको. नुसते तुकडे पडलेले असायचे पेटीमागे."

जोॲनच्या हातातली सुरी थांबली.

"मग तुम्ही तिला सांगितलं का नाही?" ब्रिनने विचारलं.

"लहान होतो गं. आई ऐकेल म्हणून."

"आणि मोठं झाल्यावर?"

ट्रेसीने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "मोठं झाल्यावर... सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही, बाळा."

मग ती वळली आणि आवारात घुमेल अशा आवाजात ओरडली, "अरे, उभे काय राहिलात? या इकडे! आधी डोकं खायचं असतं!"

पोरं आली. भुतं आली, सांगाडे आले, एक चिकट नाकाचा सिंह दोनदा आला. सगळ्यांनी तेच खाल्लं जे ब्रिन खात होती. तिच्याकडे कुणी वेगळं बघितलं नाही. एका मुलाने विचारलं, पंख आखूड का, आणि ब्रिनने काम न थांबवता सांगितलं.

लिओनाचं मागणं पुरं झालं, मित्रांनो. फक्त खुर्चीत घोंगडी घेऊन बसायला ती नव्हती, आणि टपालपेटीची गोष्ट एका हिवाळ्याने उशिरा पोचली. दुसरा कुठलाही तोटा मी माझ्या हिशेबात भरून काढला आहे. हा एक मला कुठे मांडावा ते कळत नाही. ती त्या डब्यांची झाकणं उचलून घरी आली, त्या सकाळी एखादं पोर पायऱ्यांवर येऊन एवढंच म्हणालं असतं, "मी खाल्लं," तर मला ओलं खणात पडावं लागलं नसतं.

घरी आल्यावर ब्रिनने मला धुतलं. कानांच्या खाचा कोरून काढल्या, फडक्याने पुसलं, आखूड पंख दोनदा पुसला. भट्टी निवत आली होती. तिने मला आत ठेवलं, दार उघडं ठेवलं आणि समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"बुशा," ती भट्टीच्या अंधारात बघत हळूच म्हणाली, "ते खायचे. सगळे जण."

मी पत्रा आहे, मला उत्तर देता येत नाही. पण तुम्हाला येतं. म्हणून मागतो: कुणी आपल्या हाताने काही करून तुमच्या पिशवीत घातलं आणि ते तुम्हाला आवडलं, तर परत जा, त्याच दारात, त्याच दिवशी, आणि सांगा. आणि माझ्यासारखं कुणी घरात असेल, तर काम झाल्यावर त्याला ओलं ठेवून खण लावू नका.